उघड्या हाताचा भाव

अंबादेवीपुढं नारळ फोडतानाही खुशालराव पाटलाचा एक डोळा देवीदास दलालावर होता.

"आवो, देवीकडे पाहा," पार्वताबाई हळूच म्हणाली. "दलाल काई वर देनार नाई तुमाले."

"देवी कुठं पळून जाते?" खुशालराव म्हणाला. "हा पळते."

सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला, की म्हाताऱ्याच्या कानातला बोळासुद्धा जाग्यावर राहत नसे. त्यातच सरकारच्या कपाशी खात्याच्या गोऱ्या साहेबानं अमरावतीला पाटलांची सभा बोलावली. खुशालराव दर्यापुराकडून निघाला तो रिकाम्या हातानं कसा निघेल? मागं साऱ्या सालाच्या कापसाच्या गाड्या जुंपूनच निघाला. गाड्या बाजारात उभ्या होत्या, सभा दुपारी होती, आणि देवीदास सकाळपासून पाटील-पाटलिणीला अमरावती दाखवत होता.

त्यानं गावाभोवतीचा परकोट दाखवला. कापसाच्या गासड्या दाबायचा लोखंडी पेच दाखवला. त्या पेचात म्हणे मागल्या आठवड्यात एक चुकार बोकड दाबला गेला आणि गासडीत बसून विलायतेला पोचला. जिलबी खाऊ घातली, विडा दिला. आणि प्रत्येक ठिकाणी उपरणं पुढं करून, त्याखाली खुशालरावाचा हात घेऊन, दोन बोटं दाबली. कापसाचा सौदा तोंडानं बोलत नसत. कापडाखाली बोटं धरायची. जितकी बोटं जास्त तितका भाव चढा, आणि शेजारी उभा असलेल्याला पत्ता नाही. परकोटावर दोन बोटं. पेचापाशी दोन बोटं. आता देवीच्या पायरीवर, हातात खोबरं असताना, तीच दोन.

"गावभर फिरवून राहिला," खुशालराव म्हणाला, "बोट काई वाढून नाई राहिलं."

"पाटील, घरचे समजून सांगतो. बाजारात आज मंदी हाय."

"मंग बाजारच दाखव ना. सारं दाखवलं, तेवढा बाजार राह्यला."

"तिथं काय पाहता? धूळ हाय नुसती."

खुशालरावानं मनात गाठ मारली. ज्याला धूळ दाखवायची नाही, त्याच्या धुळीत काहीतरी पुरलेलं असतं.

सभेच्या तंबूत साहेब पुष्कळ वेळ बोलला. दुभाष्या सांगत गेला: कापूस कोरडा आणा, त्यात काडीकचरा नको, वजनासाठी पाणी मारू नका. पाटील मंडळी माना डोलवत होती; जो तो समजत होता, साहेब आपल्या शेजाऱ्याला बोलतो आहे. खुशालराव मात्र साहेबाच्या हातांकडे पाहत होता. इतक्या दुरून आलेला माणूस फुकटचं शहाणपण कशाला वाटेल? याच्या पोटात काही वेगळंच आहे.

बोलणं संपवून साहेब खाली उतरला आणि पहिल्या रांगेतल्या खुशालरावापुढं त्यानं हात केला. उघडा हात.

खुशालरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर गिऱ्हाईक! सभा-बिभा सगळा बहाणा. आणि भाव करतो कसा, तर बिनकापडाचा, तंबूच्या कनातीला लागून उभ्या असलेल्या साऱ्या दलालांच्या देखत! त्यानं झटकन खांद्यावरचं उपरणं ओढून दोघांचे हात झाकले. साहेब क्षणभर चपापला. मग त्यानं उपरण्याखाली खुशालरावाची पाचही बोटं धरली आणि गदागदा हलवली.

पाच! एवढा भाव वऱ्हाडात कुणी दिला नव्हता. दिला असता, तर देणाऱ्यावरून घरच्यांनी लिंबू उतरवलं असतं. खुशालरावानं हात सोडवला आणि खातरजमा करायला पुन्हा पुढं केला. साहेबानं पुन्हा पाचही धरली, वर हसलासुद्धा.

"इचार करून सांगतो," खुशालराव जड आवाजात म्हणाला.

दुभाष्यानं ते साहेबाला सांगितलं. आपल्या भाषणावर विचार करणारा पाटील साहेबाला आजवर भेटला नव्हता. त्यानं टोपीला हात लावला.

कनातीपाशी देवीदासाच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. पार्वताबाई बाहेर लिंबाखाली बसली होती. खुशालराव तिथवर पोचतो न पोचतो, तो देवीदासानं मागून येऊन त्याच्या हातावर उपरणं टाकलं. तीन बोटं धरली. खुशालराव आभाळाकडे पाहत राहिला. चौथं बोट देवीदासानं असं धरलं, जसं काही स्वतःचंच कापून देतो आहे.

"पाटील, सायबानं किती..."

"कापडाखालचं कापडाखाली. सकाळी मंदी होती ना रे?"

"उठली," देवीदास घाम पुसत म्हणाला.

खुशालरावानं त्याचा हात दाबला. सौदा झाला. देवीदास धोतर सावरत बाजाराकडे पळाला; पाटलाचं मन फिरायच्या आत त्याला गाड्यांवर माणूस बसवायचा होता.

"सायबानं किती धरली होती?" पार्वताबाईनं विचारलं.

"पाच."

"अन् तुमी चारावर देल्ला? बह्याड झाले काय?"

"तुले नाई समजत. साऱ्या दुनियेसमोर जो उघड्या हातानं भाव सांगते, त्याचा काय भरोसा?"

तंबूची एक कनात वर बांधलेली होती. आत साहेब, आपल्याला या मुलखाची रीत उमगली म्हणून खूष होऊन, खिशातला पांढरा रुमाल पुढच्या पाटलाच्या हातावर नीट पसरत होता. मागचे पाटील खांद्यावरची उपरणी उतरवून रांगेत तयार उभे होते.

खुशालरावानं डोळे बारीक केले.

"पाह्य," तो म्हणाला. "आता झाकून राहिला."