आधी आतडं की आधी यकृत

स्कॅनचा लिफाफा घेऊन ती पुन्हा त्याच दारातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बाबांचा आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता आणि इथे दोन सर्जनांचं एकमत होईना. आतड्याचे डॉक्टर म्हणत, आधी आतडं. वाट बंद पडली तर धावपळ होईल. समोरच्या खोलीतले यकृताचे डॉक्टर म्हणत, आधी यकृत. तिथलं हाताबाहेर गेलं तर आतडं काढून काय उपयोग? दोन्ही एकदम होईल का? होतं, हे म्हणत, पण त्यांना विचारा. आणि ते म्हणत, ह्यांना विचारा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसऱ्याच्या जिवाशी गाठ होती.

दोन्ही खोल्यांच्या मधल्या बाकड्यावर बाबा बसले होते. जन्मभर बस चालवून रिटायर झालेला माणूस, मांडीवर पाण्याची बाटली. त्यांना तिने सांगितलं होतं, साधी गाठ आहे, काढली की झालं. आल्या आल्या तिने बाकड्याजवळच सिस्टरलाही बजावलं होतं, "त्यांना बाहेरच बसू द्या. मनाने हळवे आहेत, त्यांना सोसणार नाही."

शेवटी तिने यकृताच्या डॉक्टरांना खुर्चीतून उठवलं आणि समोरच्या खोलीत नेऊन उभं केलं. रागाच्या भरात दारही लावलं नाही. एवढी शिकलेली माणसं, समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी बोलायला पेशंटच्या लेकीला हेलपाटे घालायला लावतात? लाज कशी वाटत नाही? ती ताडताड बोलली.

दोघंही वरमले. फिल्म उजेडावर लागल्या. मग हळूहळू कबूल झालं, की बाबांच्या बाबतीत तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. एकदम केलं तर एकच मोठं ऑपरेशन, सगळा धोका एकाच दिवशी. टप्प्याटप्प्याने केलं तर दोनदा टेबलावर जायचं, आणि मधले काही महिने जीव टांगणीला.

एवढं झालं आणि गाडी परत मूळ पदावर आली. मी त्यांच्या जागी असतो तर आधी आतडं. मी असतो तर आधी यकृत.

तिने टेबलावर हात आपटला.

"तुम्ही नाही आहात त्यांच्या जागी. पोट त्यांचं आहे, भोगायचं त्यांना आहे. त्यांना कुणी विचारलं का?"

आतड्याच्या डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"बरोबर आहे तुमचं. बोलवा त्यांना आत. आत्ताच विचारू."

काहीतरी सबब सांगून बाबांना बाहेरच थांबवावं म्हणून ती मागे वळली.

बाबा दारातच उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते आत आले, डॉक्टरांसमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले, बाटली टेबलावर ठेवली. तिच्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले,

"विचारा. फक्त हिला बाहेर बसू द्या. मनाने हळवी आहे, तिला सोसणार नाही."