जावयाच्या लॅपटॉपचं कार्ड

"काका, उघडू ना? नंतर म्हणाल, हात कशाला लावला," दुकानवाली रत्नमाला म्हणाली.

"उघडा. त्यासाठीच आलोय," म्हणत अनंतराव स्टुलावर टेकले. हे तिसरं दुकान. पायांचे तुकडे पडायचे बाकी होते.

लॅपटॉप त्यांचा नव्हता, जावयांचा होता. हिमांशूराव अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला म्हणून पुंडलिकनगरला आले, पुरण खाऊन तृप्त झाले, आणि कंपनी घरून काम करू देते म्हटल्यावर लेक स्वरदानं बॅगाच उघडल्या. आता गणपतीही येऊन गेले होते. हॉलमध्ये मिटिंगा चालत, म्हणून अनंतराव बातम्या आवाज बंद करून बघत आणि त्यांच्या पत्नी शैलाबाई भात पातेल्यात शिजवत, कुकरची शिट्टी नको म्हणून. जावयाचं काम म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

अशात लॅपटॉपचं वायफायचं कार्ड गेलं. बाहेरून काही जोडावं, तर यूएसबीच्या भोकांना कंपनीनं कुलूप घातलेलं. साहेबांनी कळवलं, "लॅपटॉप घेऊन पुण्याला या. आणि आलाच आहात तर इथंच बसा." सोमवारच्या आत दुरुस्त झाला नाही, तर जावई पुण्याला जाणार आणि पाठोपाठ लेकही. शैलाबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

"काहीही करा, पण नीट कार्ड आणा," त्यांनी निघताना बजावलं होतं.

बजावणं भागच होतं. हिमांशूरावांनी फोटो पाठवूनही बुधवारी अनंतराव भलतंच कार्ड घेऊन आले होते. ते खाचेतच जाईना, त्यामुळं लगेच लक्षात आलं.

"मेथी आणा म्हटलं की शेपू आणणारा माणूस," शैलाबाई म्हणाल्या होत्या.

"असू द्या हो आई, वय झालं," जावयांनी समजूत काढली होती. आज अनंतरावांनी लॅपटॉपच सोबत आणला होता.

रत्नमालानं मागचं झाकण काढलं, चिमटीत मावेल एवढं जुनं कार्ड उपसलं आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर आपल्या कॉम्प्युटरवर टाकून बराच वेळ वाचत बसली. मग खणातून दोन कार्डं काढून तिनं काउंटरवर ठेवली.

अनंतरावांनी चष्मा पुसला. "दोन्ही सारखीच दिसतात की."

"दिसणारच. खाच तीच, स्क्रू तोच. पण हे डावीकडचं स्वतःच्या डोक्यानं चालतं. उजवीकडच्याचं निम्मं डोकं प्रोसेसरमध्ये असावं लागतं, अन् तुमच्या प्रोसेसरात ते नाय."

"म्हणजे उजवीकडचं बसेल, पण चालणार नाही?"

"व्हय."

"कुणी हुशार माणसानं खटपट केली तरी?"

"कंपनीचा इंजिनिअर आणून बसवला तरी नाय."

"आणि लॅपटॉपला काही इजा?"

"कसली इजा? गप पडून राहील आपलं. पण तुम्ही घाबरू नका, तुमच्या स्लॉटला डावीकडचं चालतं, मी खात्री केलीय."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. बुधवारी एकदा पंचाईत झालीय."

रत्नमाला हसली. "लई जीव दिसतो जावयावर. आमचे पप्पा तर आमच्या ह्यांना चहासुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

"वा," अनंतराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मनापासूनचा होता.

तिनं डावीकडचं कार्ड उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. "चला, बसवते. जावईबापू खूश होतील."

अनंतरावांनी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"ते नको, ताई," ते म्हणाले. "उजवीकडचं बसवा."