ओढ्याकाठचं कासव

ऑस्ट्रेलियात ग्लेन वेव्हर्लीला लेकाकडे आलेल्या वासंतीबाईंना ओढ्याकाठच्या खडकावर रोज कासव दिसायचं. देवळात शिरण्याआधी दगडी कासवाला हात लावायची जन्माची सवय, म्हणून त्या याच्यापुढेही वाटेतलं केशरी पॉपीचं फूल ठेवायच्या, पोळीचा तुकडा टाकायच्या. नातीने कौतुकाने त्याचा फोटो काउन्सिलला पाठवला आणि आज रेंजर जाळं घेऊन आला. “ते अमेरिकन आहे आजी. इथल्या कासवांना जगू देत नाही,” नात म्हणाली. “मग तिकडे परत पाठवतील?” “नो. दे किल देम.” रेंजरच्या चाहुलीनेच कासव पाण्यात गडप झालं होतं. वासंतीबाईंचा जीव भांड्यात पडला. “दॅट्स अमेरिकन टू,” त्यांच्या हातातल्या पॉपीकडे बघून रेंजर हसला. त्याही हसल्या. निघताना फूल त्यांनी सवयीने खडकावर ठेवलं. पाणी हललं आणि पोळीच्या आशेने कासव त्यांच्या पायाशी आलं. “डोन्ट मूव्ह,” रेंजर कुजबुजला.