वर्षातले आठ दिवस

पट्टा दंडाभोवती आवळत गेला तसा ड्रायव्हरने श्वास रोखला. मग हवा फुस्स करून उतरली आणि डेपोच्या डॉक्टर बाईंनी आकडा वाचला.

"एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. छान आहे."

फॉर्मवर शिक्का बसला. आणखी एक वर्ष बस चालवायला तो लायक ठरला.

बाहेर येताना त्याला हसू आवरेना. सलग सातव्या वर्षी त्याने सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. युक्ती अगदी साधी. तपासणीच्या आधी आठ दिवस रक्तदाबाची गोळी न चुकता घ्यायची, शिक्का पदरात पाडून घ्यायचा आणि मग गोळीला वर्षभर सुट्टी. गोळ्याही तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यातून आणायचा, तिथे ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. एरवी त्याचा आकडा एकशे ऐंशीच्या घरात असे. पण दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, मग रोज कशाला? शिवाय रोज गोळी घेणारा म्हणजे रोगी, आणि रोग्याच्या हातात स्टिअरिंग कोण देणार? बावीस वर्षं तो नदीवरच्या लांब पुलावरून बस नेत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. बायको म्हणायची, "ती बस माझी सवत आहे, आणि लाडकी तीच!"

बाहेरच्या बाकावर उस्ताद बसले होते.

ड्रायव्हरचं हसू जागच्या जागी विरलं. उस्ताद म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. पुलावर वारा सुटला की गाडी कशी धरायची हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं आणि आठ दिवसांची युक्तीही त्यांचीच. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. भेटायला जायचं जायचं म्हणत तो गेला नव्हता. आज ते बिल्ला जमा करायला आले होते. वहिनी कागद घेऊन आत कचेरीत गेल्या होत्या. उस्तादांचा उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणीतरी तिथे ठेवून दिल्यासारखा.

"पास?" उस्तादांनी विचारलं. शब्द तोंडातून ओढून काढावा लागत होता.

"पास."

"किती दिवस?"

"आठ."

"मी... दहा घ्यायचो. भित्रा ना." ते हसले. तोंडाची एकच बाजू हसली. मग बराच वेळ ते पुढचं वाक्य जुळवत राहिले. "रविवार होता, म्हणून. दात घासत होतो. ब्रश पडला... मग मी. घरातच. सव्वाआठला."

एवढं बोलून ते दमले. पुढचं सांगायची गरजही नव्हती. कामाच्या दिवशी सव्वाआठला उस्तादांची बस पुलाच्या मधोमध असायची. दारापर्यंत शाळेची मुलं उभी असायची. त्याच वेळी समोरून ड्रायव्हरची बस यायची. इतकी वर्षं दोघं तिथेच एकमेकांना हात करत आले होते.

ड्रायव्हर त्यांच्या शेजारी बाकावर बसला. त्याला भीती वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त लाज वाटली. उद्यापासून गुपचूप रोज गोळी घेऊ, असं त्याने मनाशी ठरवून पाहिलं. पण तसं तर त्याने दर वर्षीच ठरवलं होतं. आठवडा उलटला की ठरवलेलं हवेत विरायचं.

उस्ताद त्याच्याकडे बघत होते.

तो उठला आणि दार ढकलून पुन्हा आत गेला.

"मॅडम, हा शिक्का खोडा."

डॉक्टर बाईंनी मान वर केली. मग त्याने सात वर्षं एका दमात ओकून टाकली. आठ दिवस, दूरचा दवाखाना, एकशे ऐंशी, सगळं. बोलून झाल्यावर त्याने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षांचा संसार आपण आपल्या हातांनी मोडला, असं त्याला वाटलं.

"म्हणजे दर वर्षी आठ दिवस गोळी घेतली की दाब इतका खाली येतो?" बाईंनी विचारलं.

"हो."

"त्या दिवसांत चक्कर, खोकला, पायांना सूज, काही?"

"काही नाही. उलट झोप बरी लागते."

"आणि रोज गोळी घेणाऱ्याला गाडी देत नाहीत, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"उस्तादांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

ड्रायव्हरने वळून दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून बाकावरचे उस्ताद बाईंनाही दिसत होते. मग त्यांनी फॉर्म ओढला आणि शिक्क्यावर सरळ दोन रेघा मारल्या. ड्रायव्हरने डोळे मिटले.

"एक महिना गाडी बंद," बाई म्हणाल्या. "गोळी रोज, आणि दर सोमवारी मला दाब दाखवायचा. असाच खाली राहिला की नवा शिक्का देते."

त्याने डोळे उघडले. बाईंनी बिल्ला त्याच्याकडे सरकवला होता.

"अहो, सात वर्षं तुम्ही लबाडी म्हणून जे आठ दिवस करत आलात ना, त्यालाच आम्ही उपचार म्हणतो. आता तेच उजळ माथ्याने रोज करा."