शोकनायकाची चूक

"सुहासचं मरण अटळ होतं," श्रीकांतकाका म्हणाले आणि क्लबहाउसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या खुर्चीवर सुहासची बायको वीणा बसली होती. तिला काकांनीच मानानं बोलावलं होतं, तालीम बघायला. नाटक तिच्या नवऱ्यावरच होतं ना.

बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या या सोसायटीतली मराठी मंडळी दरवर्षी गणपतीत एकांकिका करतात. यंदा काकांनी शोकांतिका लिहिली. काका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि हल्ली ग्रीकांच्या मागे हात धुऊन लागलेले.

"अडीच हजार वर्षांचं सूत्र आहे हे," ते नटांना समजावत होते. "अथेन्स काय नि बंगळूर काय, माणूस तोच. नायक मोठ्या मनाचा असतो, पण त्याच्या हातून एक चूक होते, आणि तिथून नियती त्याला सोडत नाही. आता बघा, लिफ्ट मजल्यांच्या मधेच अडकली. आत म्हातारे कृष्णमूर्ती. सुहासनं दार उचकटलं, त्यांना बाहेर ओढलं, तेवढ्यात लिफ्ट घसरली आणि तो सापडला. चूक कुठली? उतावीळपणा. मेकॅनिकची वाट बघितली नाही."

वीणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा महिने ती लोकांचं सांत्वन मुकाट गिळत होती. देवाची मर्जी म्हणे, नशीब म्हणे. आता नशीबही कमी पडलं, तर हे थेट ग्रीसला पोचले.

"कुठल्या मेकॅनिकची?" तिनं विचारलं.

"काय गं?"

"वाट कुणाची बघायची होती, काका? देखभालीचा करार जूनमध्येच संपला होता. फोन केला असता तरी काळं कुत्रं आलं नसतं. लिफ्ट घसरतेय असं सुहासनं तुम्हाला तीनदा लेखी दिलं होतं. तुमच्या कमिटीनं ठराव केला, दिवाळीनंतर बघू. तो दिवाळीच्या आधीच गेला."

"वीणा, तू भावनेच्या भरात बोलतेयस. मी तर त्याला नायक केलाय."

"नका करू. माझी सिद्धी नऊ वर्षांची आहे. पहिल्या रांगेत बसून ती ऐकणार, की बाबा स्वतःच्या चुकीनं गेला. आणि वर तुम्ही सगळे टाळ्या वाजवणार."

स्टेजवर पाच जण पांढऱ्या शाली पांघरून ओळीनं उभे होते. पाचही कमिटीतलेच. तिनं त्यांच्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"कोरस," काका चष्मा पुसत म्हणाले. "नगरातले नागरिक. नायकाचं पुढे काय होणार ते त्यांना दिसत असतं, पण बिचारे काही करू शकत नाहीत."

वीणा उठून स्टेजपाशी गेली. "ग्रीसचं मला ठाऊक नाही. तिथल्या लोकांना खरंच काही करता येत नसेल. यांना येत होतं. नाटक जरूर करा काका, मी पोरीला घेऊन येते. फक्त या पाचांनी आधी आपापलं नाव आणि फ्लॅटचा नंबर सांगायचा. मग काय ती तुमची नियती."

त्या पाचांतल्या दत्तानं नजर चुकवून उगाच शाल सारखी केली. बाकीचे हातातले कागद चाळू लागले. वीणा तिथून हलली नाही.

ओळीच्या टोकाला अमृता होती. तेरा दिवस तिनं वीणाच्या घरी डबा पोचवला होता. तिनं शाल काढली, घडी घालायचा प्रयत्न केला, मग तशीच खाली टाकली.

"अमृता," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "अमृता. सी चारशे दोन. ठरावावर माझी सही आहे."

"अगं, हे संहितेत नाहीये," काका म्हणाले.