ज्ञानूचा ठेका

१९७९ साली मुंबईचा एक गिटारवाला कागलच्या ज्ञानूकडे हलगी शिकायला आला. त्याला रॉकही आवडायचं आणि डिस्कोही. ज्ञानूच्या बायकोनं, बनाबाईनं, त्याला तीन दिवस भाकरी करून घातली. ज्ञानूनं आपल्या वडिलांचा ठेका त्याच्या हातात बसवला.

दोन वर्षांनी त्या गिटारवाल्याची रेकॉर्ड आली. वर गिटार, खाली तोच ठेका. कोल्हापुरात लग्नघरी तीच वाजू लागली आणि ज्ञानूच्या हलगीला सुपारी मिळेनाशी झाली.

पुढच्या वर्षी बनाबाई गेली. महिन्याभरानं ज्ञानू कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ऑर्केस्ट्रात काम मागायला गेला. तिथं त्यानं वडिलांचा ठेका वाजवला.

मालक हसला. "पावणं, ही तर रेकॉर्डची नक्कल. तुमचं सोताचं काय हाय का?"

ज्ञानूचं स्वतःचं एकच होतं. बनाबाईच्या तिरडीपुढं चालताना हातातून आपसूक निघालेला ठेका. त्यानं डोळे मिटून तो वाजवला.



"ह्यो नवा हाय की," मालक म्हणाला. "जरा पळवा. वरातीत लई नाचतील ह्याच्यावर."