दुसरा खराटा

लग्नानंतर माझे यजमान नाईलकाठच्या या गावचे पाद्री झाले. तेव्हापासून ते सगळ्यांचे, अगदी माझेही, अबूनाच, म्हणजे ‘आमचे बाबा’. इतक्या वर्षांत कुणी काय पाप कबूल केलं, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. परवा पहाटे दारात विस्सा आणि बाखूम उभे, बांधावरच्या खजुरापायी वर्षानुवर्षं अबोला धरलेले सख्खे भाऊ. दोघांना प्रायश्चित्त एकच दिलेलं: चर्चचं अंगण झाडायचं. “अहो, दुसरा खराटा कुठंय?” मी विचारलं. “दुसरा? आपल्याकडे एकच आहे,” अबूना म्हणाले. विस्सा झाडू लागला. बाखूमला ते बघवेना. “अरे, झाडतोयस की धूळ उडवतोयस? आण इकडे!” “तू शिकवणार? तुझ्यापेक्षा म्हशीची शेपटी बरी झाडते!” दोघांनाही हसू फुटलं. दुपारी दुसरा खराटा अबूनांच्या गादीखाली सापडला. आमचे अबूना कधी खोटं बोलत नाहीत. मी खराटा मोडून चुलीत घातला.